खंडेनवमीचं गिऱ्हाईक

त्या वर्षी घट बसवताना माझं मन देवीत नव्हतं. यजमान विषमज्वराने अंथरुणाला खिळलेले. सायकली आणि एक मोटारसायकल भाड्याने देण्याचं लोणावळ्यातलं आमचं दुकान माझ्या एकटीच्या गळ्यात. त्यात थोरल्या मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ते राहून गेलेलं. घरात असा ताप असताना तिला आणायची कशी? ती टाकव्याला सासरीच राहिली. रोज देवीला फुलं वाहत होते, पण मनात म्हणत होते, हिला आमचं घर दिसत तरी असेल का?

खंडेनवमीला हत्यारं आणि गाड्या धुऊनपुसून पूजेला बसवल्या. साइडकारच्या मोटारसायकलला झेंडूचा हार घातला. पूजेला बसलेली वस्तू दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत कामाला लावायची नाही, ही आमची रीत. आणि नेमका त्याच सकाळी एक गोरा माणूस मोटारसायकल भाड्याने मागायला आला. इंग्रज नव्हता, देशाचं नाव त्याने सांगितलं, ते मला नीट कळलं नाही. त्याला कार्ल्याची लेणी बघायची होती. मी मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं, आज पूजा आहे, उद्या संध्याकाळी या.

"मशीन भी उपवास करता है?" त्याने विचारलं.

"हां. पेट्रोल भी नहीं पिएगा."

तो मोठ्याने हसला, पण गेला नाही. दारातल्या बाकावर ऐसपैस बसून म्हणाला, "हम बैठेगा. देवी का मन बदलेगा, तो बोलो." मी दोनदा त्याला उठवून पाहिलं. असं चिवट गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा दीर स्टेशनावरून धावत आला. "मावशी, वैनीचं काय खरं न्हाई. कालपास्नं कळा देतीया. सुईण म्हनती, मूल आडवं हाय. तुमी चला, लगोलग."

टाकव्याजवळच्या कान्हे स्टेशनावर थांबणारी पुढची आगगाडी दुपारनंतर होती. गावातली भाड्याची मोटार खंडाळ्याकडे गेलेली. आमची मोटारसायकल समोर उभी होती, पण ती चालवणारा माणूस आत तापाने फणफणत होता. मी देवीच्या फोटोकडे पाहिलं, मग बाकाकडे. काय करायचं ते मी ठरवलं असं म्हणवत नाही. हात आपोआप उठला आणि मी हार उतरवला.

आतून यजमानांचा क्षीण आवाज आला, "अगं, आधी पेट्रोलची तोटी उघड म्हणावं त्याला!"

दिराला यजमानांजवळ बसवलं. वाटेत दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेतलं. गोरा गाडी चालवायला, नर्सबाई साइडकारमध्ये, मी नऊवारीचा काष्टा आवळून त्याच्या मागे. बाजारपेठ बघत राहिली. बघू दे म्हटलं. कार्ल्याचा फाटा आला तेव्हा मी त्याला हाताने दाखवलं, तुझी लेणी तिकडे. त्याने नुसती मान हलवली आणि वेग वाढवला. कान्ह्याच्या पुढे बैलगाडीची वाट. चिखलात चाक रुतलं, तेव्हा भाताच्या खाचरातली माणसं धावून आली आणि त्यांनी गाडी उचलून पलीकडे ठेवली. कोणाचं कोण, कोणी विचारलं नाही.

नर्सबाईंनी मुलीला वाचवलं, बाळालाही. हात धुताना त्या म्हणाल्या, "दुपारच्या गाडीने आलो असतो तर काही उरलं नसतं." मी तिथेच उंबऱ्यावर बसले. अंगणात तो माणूस भाकरी आणि ठेचा खात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोरं त्याच्याभोवती हसत होती.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "ह्यो सायेब तुमचा कोन म्हनायचा?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. दुसरा शब्द तोंडात आला होता, पण तो बोलण्याची मला सवय नाही.

मी चमत्काराच्या गोष्टी सांगणारी बाई नाही. तो माणूस लेणी बघायला आला होता, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला मी दोनदा दारातून उठवून पाहिलं, तो उठला असता तर? यजमानांचा ताप पुढे यथावकाश उतरला. आज नात परकर सावरत घरभर धावते, तेव्हा त्या परक्या माणसासाठी आणि त्याला बाकावर बसवून ठेवणारीसाठी माझे हात जोडले जातात. देवीकडे मागणं मी अजूनही मागते. ते कोणाच्या हातून पाठव, हे मात्र आता तिला सांगत बसत नाही.