न चाखलेली ब्रँडी

ह्यांना जाऊन सहा आठवडे झाले. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशीच पिठाच्या हातानं ऑटोत बसले. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

हे ब्रँडीच्या कारखान्यात नोकरीला, आणि जन्मात थेंब चाखला नाही. आमचं घर छप्पन सालापासूनचं बौद्ध. पंचशील म्हणजे पंचशील. पण नाक असं, की पिंपाचं बूच काढताच लाकूड नवं की जुनं ते सांगायचे. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर दोनेक वर्षांनी, कारखान्याला माल पुरवणाऱ्या फ्रान्सच्या कंपनीचा म्हातारा मालक आला. पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा धंदा. द्राक्षांची वाइन तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायची, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवायची. आजोबानं भरलेलं पिंप नातवानं उघडायचं. "भरनारा मरते, पन त्याच्या हातचं मुरतच राहते," हे नेहमी सांगायचे. म्हाताऱ्यानं पुढ्यात पाच ग्लास ठेवले. ह्यांनी नुसते हुंगून वयाप्रमाणे ओळीनं लावले, एकही चुकला नाही! तो म्हणाला, दोन वर्षं आमच्याकडे या, सगळं शिकवतो. मात्र तिथं रोज चाखावं लागेल. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं.

हे घरी आले ते पाय न धुताच स्वयंपाकघरात. "थुकलं तं शील मोडते का वो?"

मी तडकले. "थुकलं तरी जिभीले समजतेच ना! मले कायले पुसता?"

हे पाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून आले.

खरं सांगू? शीलाचं मला काही पडलं नव्हतं. दोन वर्षं ह्यांच्याशिवाय कशी राहू, एवढंच मनात होतं. ते बोलायची लाज, म्हणून धर्म पुढे केला. बरं, ह्यांनी कधी टोमणा तरी मारावा! तोही नाही. आज सांगते, उद्या सांगते... म्हणता म्हणता हे रिटायर झाले, म्हातारे झाले.

जेवायला बसलं की भाताचं झाकण हेच काढायचे. वाफ हुंगायचे, तांदूळ शेताच्या कोणत्या बांधीतला ते सांगायचे, मगच वाढू द्यायचे. अजूनही मी झाकण काढते आणि वाढायची थांबते. "मीच जाऊ देल्लं नाही जी तुमाले," म्हणते. "दोन वर्सं कशी काढली असती मी?"

आता तर सगळीच काढायची आहेत.