वन्संच्या निवडणुकीचा सणसरमधला प्रचार

माझ्या नणंदेनं अमेरिकेत शाळा मंडळाची निवडणूक लढवायचं ठरवलं, ही बातमी आमच्या घरी सकाळची धार चालू असताना आली आणि त्या दिवशी दूध दोन लिटर कमी निघालं. दोन्हींचा काही संबंध नाही, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगते. आबांच्या मते होता.

आबा म्हणजे माझे सासरे. सणसरला ऊस, सहा गाई आणि जन्मभर लढवलेल्या निवडणुका हा त्यांचा संसार. सोसायटी असो, दूध संस्था असो, ग्रामपंचायत असो, आबा कुठल्या ना कुठल्या पॅनलमध्ये असायचेच. उमेदवार म्हणून नसले तर सूचक म्हणून, आणि सूचकही नसले तर रुसलेले म्हणून. शिक्षण सातवी, पण अख्खी मतदारयादी तोंडपाठ. मी बारामतीची, नोकरदार घरातली. लग्न होऊन आले तेव्हा पॅनल म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. आता मी झोपेतसुद्धा एखादं पॅनल पाडू शकते.

वन्सं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, पण नणंद ती नणंद. तिकडच्या एका छोट्या गावात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात, आता तिथल्या नागरिकही झाल्या आहेत. त्यांच्या दोन्ही मुली ज्या शाळेत जातात, तिथल्या काही पालकांनी एक टूम काढली होती. पुस्तकातल्या उत्क्रांतीच्या धड्यावर चिठ्ठी चिकटवायची, की हे फक्त काही लोकांचं मत आहे, विश्वास ठेवायचा की नाही ते आपापलं बघा. शिवाय प्रयोगशाळेचे पैसे कमी करून टाकायचे. हे ठरवणार शाळेचं मंडळ, आणि मंडळातली एक जागा रिकामी होती. ती जागा मिळाली तर चिठ्ठी अडवता येईल, एवढाच वन्संचा हिशेब.

फोन स्पीकरवर होता. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "आपल्या भावकीतली मतं किती?"

"एक. माझं."

"अन् जावयाचं?"

"त्यांचे कागद अजून झाले न्हाईत, आबा."

"मंग उभी कशाला ऱ्हातीस? बरं, चिन्ह काय मिळालं?"

"हितं चिन्ह नसतं. नाव वाचून मत द्यायचं."

"अन् ज्याला वाचता येत न्हाय त्यानं?"

"हितं सगळ्यांना वाचता येतं, आबा."

आबांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "वाचता येतंय, अन् धडा झाकाय निघाल्यात?"

अमेरिकेच्या राजकारणावर मी बऱ्याच विद्वानांच्या चर्चा ऐकल्या आहेत, पण याच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

त्या दिवसापासून आबा आणि त्यांचे दोस्त तात्या अमेरिकेच्या कामाला लागले. तात्या म्हणजे आबांचे शेजारी आणि आबांच्या प्रत्येक पराभवाचे साक्षीदार. दोघं ओसरीवर बसून मोबाइलवर मराठीतून अमेरिका बघायचे. तिथल्या सरकारनं संशोधनाचा पैसा थांबवला, वन्संच्या मैत्रिणीची प्रयोगशाळाच बंद पडली, हे ऐकल्यावर आबा खवळले. "बेण्याचा ऊस गुऱ्हाळाला घालायचा म्हंजे काय!" म्हणाले. "औंदा गूळ खाशील, पुढच्या साली लावशील काय, मुंडासं?" लस घ्यायला लोक नको म्हणतात हे तर तात्यांना पटेच ना. लंपी रोगाच्या साथीत लसीसाठी आमच्या गावात गाईंची रांग लागली होती, आणि तात्यांच्या मते एकाही गाईनं हरकत घेतली नव्हती.

हे सगळं मला ऐकायला बरं वाटायचं, आणि रागही यायचा. कारण त्याच तालुक्यात मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शकं दोन. एकाला भिंग नाही आणि दुसरं कपाटात असतं. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. याबद्दल ओसरीवर कधी सभा भरली नाही. पण ते असो. नणंदेची निवडणूक होती, आणि सुनेनं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं, पण हळूच.

आबांच्या सूचना रोज जायच्या. मतदानाच्या आधी आठ दिवस आपली मतं उचलून तुळजापूरला ने. वन्संनी कळवलं की तुळजापूर लांब पडेल. मग जवळचं एखादं देवस्थान बघ. समोरच्या उमेदवाराच्या चुलत्याला फोड. समोरची उमेदवार एक निवृत्त बाई होत्या आणि त्यांना चुलता उरला नव्हता. मग घरटी एक भेटवस्तू दे. वन्संनी सांगितलं की आबा, हितं जेल होते. "आमच्यात बी हुती," आबा म्हणाले, "पण कुणी जात न्हाय."

आणि मग फ्लेक्स आला.

आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. मी शाळेतून येत होते, फाट्यावर नजर गेली आणि स्कूटी आपोआप थांबली. वीस फुटी फ्लेक्स. "अमेरिकेच्या शाळा मंडळाच्या भावी सदस्या, सणसरच्या लेकीस हार्दिक शुभेच्छा!" वन्संचा फोटो लग्नातला, कापून घेतलेला, त्यामुळे खांद्याशी जावयाच्या मुंडावळ्या लोंबत होत्या. आबांचा फोटो त्याच्या दुप्पट. खाली तेवीस शुभेच्छुक, त्यांतले निम्मे गॉगल लावून. आणि विषय विज्ञानाचा, म्हणून फ्लेक्सवाल्यानं पदरचं डोकं चालवून वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती रांग टाकली होती. रांगेच्या शेवटी माणसाच्या जागी तात्या. हात जोडून.

माणूस अशा रांगेतून झालेला नाही, ती रांगच चुकीची आहे, हे मी दरवर्षी दहावीच्या वर्गात घसा फोडून सांगते. पण वीस फुटी फ्लेक्सपुढे माझ्या घशाचं काय चालणार? तात्या मात्र खूश होते. "सगळ्यात फुडं मीच हाय," म्हणाले. आबांचा चेहरा पडला होता. आपल्याला त्या रांगेत का घेतलं नाही, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "आबा, तुमचा फोटो स्वतंत्र आहे, तो मोठा आहे." तेव्हा कुठे ते जेवले.

फ्लेक्सचा फोटो तेवीस शुभेच्छुकांनी तेवीस ठिकाणी टाकला. चौथ्या दिवशी तो वन्संच्या गावात पोचला. उमेदवारांची सभा होती, तिथं एका गृहस्थानं मोबाइल उंच धरून विचारलं, की ही पांढऱ्या टोप्यांतली आणि गॉगलमधली माणसं कोण आहेत, आणि आमच्या शाळेत त्यांना एवढा रस कशासाठी? परक्या देशाचा आमच्या निवडणुकीत हस्तक्षेप चालू आहे काय?

वन्संनी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. "मी म्हटलं, हे माझे वडील आणि त्यांचे मित्र आहेत. तुमच्या मुलांना विज्ञान नीट शिकायला मिळावं म्हणून काळजीत आहेत. लोक हसले, वहिनी. थोडे चांगलं हसले, थोडे वाईट."

"हस्तक्षेप?" आबा गरजले. "आमी फकस्त शुभेच्छा दिल्या!" पण त्या संध्याकाळी तात्यांना चहाच्या टपरीवर सांगताना मी स्वतः ऐकलं, की अमेरिकेची निवडणूक सध्या सणसरमधनं हालतीय.

निकाल लागला. वन्सं एकतीस मतांनी पडल्या.

आमच्याकडे सकाळ होती. आबांनी फोन हिसकूनच घेतला. "फेरमोजणी माग. मोजणीला आपला माणूस कोण बसला हुता? पेट्या कुठं ठिवल्या हुत्या?"

"आबा, मी त्या बाईंना फोन करून अभिनंदन केलं."

"काय केलं?"

"अभिनंदन. हितं आता मोठमोठी माणसं हरली तरी हरलो म्हणत न्हाईत. सगळा देश त्यानं नासवलाय. मला तसं व्हायचं न्हाई."

मी आणि माझे यजमान, दोघांनीही बशीतल्या चहाकडे बघायला सुरुवात केली. कारण सोसायटीच्या एका जुन्या निवडणुकीत आबा पडले होते आणि ती पेटी बदलली होती, हे आम्ही दिवाळीच्या फराळासारखं दरवर्षी ऐकत आलो आहोत. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

मग वन्संनी पुढचं सांगितलं. जागा गेली तरी चिठ्ठीचा ठराव अजून व्हायचा होता. तो सोमवारच्या सभेत येणार होता, आणि तिथं कुणाही गावकऱ्याला उठून तीन मिनिटं बोलता येतं. "पण बोलू काय? शास्त्रातले शब्द काढले की लोक कान मिटून घेतात."

"तीन मिंटं?" आबा म्हणाले. "लई झाली. आमच्या वार्षिक सभेत एका मिंटात माईक बंद पडतो." आणि फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, त्ये माकडाचं नेमकं काय हाय, मला एकदा नीट सांग."

म्हणजे दोन महिने हा माणूस ज्या धड्यासाठी अमेरिकेशी भांडत होता, त्यात काय आहे हे त्याला माहीतच नव्हतं! मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बावीस वर्षांत त्यांनी मला शाळेतलं विचारलं होतं ते एवढंच, की पगार झाला का.

आम्ही गोठ्यात गेलो. मी गाईच्या कानामागचा गोचीड दाखवला. "आबा, गोचिडाचं औषध पूर्वी कसं लागू पडायचं?"

"एका फवाऱ्यात सगळी झडायची."

"आणि आता?"

"आता त्यात पवत्यात. औषधात भेसळ हाय, दुसरं काय."

"भेसळ नाही. पहिल्या फवाऱ्यात हजार गोचीड मेले, पण दोन-चार जरा वेगळे होते, ते वाचले. मग पिल्लं कुणाची झाली?"

"वाचल्याली हुती त्यांची."

"ती कुणावर गेली?"

गाईच्या पाठीवर फिरणारा आबांचा हात तसाच राहिला. "म्हंजे पुढच्या बारीला औषध न लागणाऱ्यांचंच पॅनल सगळं. अन् त्याच्या पुढच्या बारीला आणखीन."

"हं. आता असं हजारो नाही, कोट्यवधी वर्षं चालू द्या. गोचीडच नाही, सगळे जीव."

"मंग ह्यात माकडाचा काय संबंध?"

"आपलं आणि माकडाचं फार मागं जाऊन मूळ एक आहे. माकड आपला बाप नाही, आबा. भाऊबंद आहे."

"भावकी," आबा म्हणाले, आणि एकदम समजल्यासारखी मान हलवली. "म्हनून पटत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर वन्संना हे सगळं, गोचिडासकट, स्वतःचं असल्यासारखं सांगितलं. मी ताक घुसळत ऐकत होते. ताकाला त्या दिवशी लोणी जरा जास्तच आलं.

सभा आमच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला दिसणार होती. ओसरीवर तात्या, आणखी चार टोप्या, आणि मी भाषांतराला. वन्सं उठल्या. साधा सदरा, केस बांधलेले, हातात कागद नाही. बोलल्या. मी ओळीनं मराठी करत गेले, आणि मधेच माझी जीभ अडखळली, कारण त्या म्हणत होत्या, "माझे वडील भारतातल्या एका खेड्यात राहतात. ते सातवी शिकलेत. उत्क्रांती मला त्यांनी फोनवर, त्यांच्या गोठ्यातल्या उदाहरणानं समजावली." मग गोचीड, मग फवारा, मग वाचलेल्यांची पिल्लं. "सातवी शिकलेल्या शेतकऱ्याला जे पटतं, त्यावर आपल्या मुलांसाठी चिठ्ठी का लावायची?" टाळ्या झाल्या. मंडळानं बराच वेळ कुजबुज केली आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला.

"तहकूब म्हंजे निम्मं जिंकलो!" तात्या ओरडले. "आबा, तुमचं नाव अमेरिकेत गाजलं की!" सगळे आबांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मी उठून रिकामे कप गोळा करायला लागले. मला वाईट वाटलं होतं, ते कशाला लपवू? वन्संचा दोष नव्हता, त्यांना काय माहीत. पण वाईट ते वाईट.

आबा मात्र हसत नव्हते. त्यांनी फोन लावला, आणि स्पीकरची गरज नव्हती एवढ्या मोठ्यानं बोलले.

"तितं सभेचं इतिवृत्त लिवत्यात का?"

"लिहितात की, आबा. का?"

"चुकीचं लिवलं जाईल. त्ये मी न्हाय सांगितलं. मला बी दोन दिसांपूर्वी कळालं. त्ये तुझ्या वहिनीनं सांगितलं. बावीस वर्सं पोरांना शिकिवतीय ती, अन् मी कधी इचारलं न्हाय." तात्यांनी थापेसाठी उचललेला हात खाली घेतला. "इतिवृत्तात दुरुस्ती घाल. विज्ञानाची बाई म्हनून घाल, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे."

मी हातातले कप खाली ठेवले आणि तिथंच, सगळ्या टोप्यांसमोर, पदरानं डोळे पुसले. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वन्संना बजावत होते, की पुढच्या सभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो, तेव्हाच हात वर कर, नंतर कुणी ऐकून घेत नाही.