कॉलरखालची राख

माझ्या आत्याला "चहा आहे का?" असं विचारलं, तर ती "आहे" म्हणते आणि पेपर वाचत बसते. चहा प्यायचा असेल तर तसं वेगळं विचारावं लागतं. हे उमगेपर्यंत आपण बरीच वर्षं चहावाचून काढली, असं आतोबा सांगतात.

आत्या गुन्ह्यांच्या तपासातले कपडे आणि त्यांवरचे रक्ताचे डाग तपासते. तिच्या प्रयोगशाळेची रीत अशी, की पोलिसांनी जे प्रश्न पाठवले तेवढ्यांचीच उत्तरं द्यायची, आणि तीही डोळ्यांना दिसलं तेवढीच. ही रीत तिने जशीच्या तशी घरी आणली. "पाऊस येईल का गं?" म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "आत्ता पडत नाहीये." 'कदाचित' हा शब्द मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

मग शिंप्याचा खटला आला. एका शिंप्याने दुकानात आपल्याच मेव्हण्याला कात्रीने भोसकलं होतं. भोसकलं हे तोही नाकारत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की हा खून, की भांडणाच्या भरात घडलेला सदोष मनुष्यवध? खून ठरला तर जन्मठेप, नाहीतर काही वर्षांची कैद. शिंपी म्हणे, मेव्हणा कोळशाची जड इस्त्री डोक्यावर उचलून अंगावर आला. सरकारी वकील म्हणत, तो बिचारा हात वर करून गयावया करत होता, आणि इस्त्री नंतर झटापटीत टेबलावरून पडली. बघणारं तिसरं कोणी नव्हतं. होता तो मेव्हण्याच्या अंगातला शर्ट.

त्या शर्टाला पडलेलं भोक छातीवरच्या जखमेच्या चांगलं चार बोटं खाली होतं. हात वर केले की शर्टही वर चढतो, म्हणजे वार झाला तेव्हा हात वर असणार, असं पुस्तकं सांगतात. पण आत्याचं नुसत्या पुस्तकांवर भागत नाही. प्रयोगशाळेतल्या पुतळ्याचे हात वर होत नव्हते. आतोबांचे होतात.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत आतोबांना उभं केलं गेलं. "एक हात वर. आता दुसरा. आता दोन्ही." मी हातात खडू घेऊन त्यांच्या शर्टावर खुणा करत होतो.

"अगं, खांदा आखडला माझा."

"ते विचारलेलं नाही."

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या आणि हात वर केलेल्या आतोबांना बघून जागीच थबकल्या. "दरोडा पडलाय का हो?"

"नाही," असं म्हणून आत्या दुसरा शर्ट आणायला आत निघून गेली. बाकीचा खुलासा आतोबांनी हात वर ठेवूनच केला. दोन्ही हात वर असले तरच खूण बरोबर तेवढी खाली यायची, हे मात्र पक्कं झालं.

साक्षीच्या दिवशी आत्याला गाडीतून मी घेऊन गेलो. आतोबा आले नाहीत. तिथेही प्रात्यक्षिक करायला लावतील, अशी त्यांना धास्ती होती. कोर्टात मागच्या बाकावर शिंप्याची बायको बसली होती. गेला तो तिचा भाऊ, पिंजऱ्यात उभा तो नवरा. तिचे डोळे कोरडे होते आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"वार झाला तेव्हा मयताचे दोन्ही हात वर होते?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"होते."

"म्हणजे तो शरण आला होता."

"हा प्रश्न आहे का?"

कोर्टात हशा पिकला. वकिलांनी घसा साफ केला. "शरण आला होता का?"

"ते शर्टावरून कळत नाही."

मग शिंप्याचा वकील उठला. "इस्त्री डोक्यावर उचलतानाही दोन्ही हात वर होतात ना?"

"होतात."

तोही खूश होऊन बसला. दोघांनाही हवं ते मिळालं आणि खटला होता तिथेच राहिला. न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

आत्या हलली नाही. तिने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. "शर्टावर राख आहे," ती म्हणाली.

सरकारी वकील ताडकन उठले. "हे कोणी विचारलेलं नाही!"

"नाही विचारलं," आत्याने मान्य केलं.

"मग मी विचारतो," न्यायाधीश म्हणाले. "कुठे आहे राख?"

"खांद्यांवर आणि कॉलरच्या मागे, खालच्या बाजूला. कोळशाची. तिच्यावर रक्ताचे थेंब आहेत. म्हणजे राख आधी पडली, रक्त नंतर. आणि टेबलावरून पडलेल्या इस्त्रीची राख उभ्या माणसाच्या कॉलरमागे जात नाही. ती वरून पडावी लागते."

शर्ट आणि भिंग या हातातून त्या हातात फिरलं. सरकारी वकिलांनी तर चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. राख होती तिथेच होती.

"आधी का नाही सांगितलंस?" परतताना मी तिला धारेवर धरलं.

"पोलिसांचे प्रश्न दोनच होते. भोक कात्रीचं आहे का, आणि वार झाला तेव्हा हात कुठे होते."

"आणि आज?"

"आज वाटलं, आता कोणी विचारणारच नाही."

आत्या कधी निकाल ऐकायला जात नाही. या निकालाला गेली. सदोष मनुष्यवध ठरला, शिंप्याची जन्मठेप टळली. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको आत्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, माझा भाऊ खरंच ह्यांच्या जिवावर उठला होता?"

आत्याचं उत्तर मला पाठ होतं. ते शर्टावरून कळत नाही. मीसुद्धा देऊ शकलो असतो. पण आत्याने त्या बाईचा हात हातात घेतला.

"कदाचित त्याला नुसतं घाबरवायचं असेल."

एवढ्या दिवसांत ती बाई पहिल्यांदा रडली. आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून, मोठ्याने, भावाला हाका मारत रडली.

गाडीत बसल्यावर आत्याची फिरकी घ्यायची आयती संधी होती. या उत्तराला पुरावा काय, असं मी विचारू शकलो असतो. मी विचारलं नाही.