मीराच्या सिनेमातले बाबा

मीरा गेल्याचं तिच्या संकलक मैत्रिणीने अमेरिकेतून फोनवर कळवलं आणि रिसालीला जाऊन मोठे बाबांना ते सांगायचं माझ्या वाट्याला आलं. मीरा माझी चुलत बहीण, त्यांची एकुलती एक मुलगी. ते म्हणाले, "तिकडे आता थंडी असन नं..."

मीरा इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेली आणि दुसऱ्याच वर्षी ते सोडून सिनेमा शिकू लागली. पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात आयुष्य काढलेल्या मोठे बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा पहिला सिनेमा आठवडाभरात थिएटरांतून उतरला. पुढे कित्येक वर्षं तिला कोणी दिग्दर्शन दिलं नाही. ती दुसऱ्यांचे सिनेमे संकलित करत राहिली, कॉलेजात शिकवत राहिली. मला फोनवर म्हणायची, "थांबली नाई मी, फक्त उशीर होऊन राहिला."

पन्नाशी उलटल्यावर ती कॅमेरा घेऊन रिसालीच्या घरी येऊन उभी राहिली. प्लांटमधून रिटायर झालेल्या, मुलीशी अबोला धरलेल्या बापाचा सिनेमा तिला करायचा होता आणि त्यात बाप म्हणून तिला मोठे बाबाच हवे होते.

"मले अ‍ॅक्टिंग येत नाई," ते दारातूनच म्हणाले. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मले इंजिनिअरिंग तरी कुठं येत होतं, बाबा?"

ते बाजूला सरकले आणि तिला आत येऊ दिलं. शेवटच्या प्रसंगात बाप मुलीला फोन लावतो. मीराने लिहून दिलेली वाक्यं राहिली बाजूलाच, मोठे बाबांनी रिसीव्हरमध्ये विचारलं, "जेवली काय वो?" मीराने कॅमेरा चालूच ठेवला... ती स्वतः रडत होती. त्या सिनेमाने तिकडे तिचं नाव झालं, लगेच पुढचा मिळाला. वैशाली नगरच्या हॉलमध्ये आम्ही तो पडद्यावर दाखवला, तेव्हा मिलमधले म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढचा सिनेमा मात्र मीराच्या आजारपणात अडला. फक्त निवेदन राहिलं होतं, तेही मोठे बाबांच्याच आवाजात. ती गेल्यावर, मागच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीतला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माइक ठेवला. फोनवर ती संकलक मैत्रीण होती. मोठे बाबांनी मला तिला विचारायला सांगितलं, "पडद्यावर डायरेक्टर म्हणून नाव कोणाचं येईन?"

"मीराचंच. दुसरं कोणाचंही नाही," उत्तर आलं.

त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला. "मंग कर सुरू," म्हणाले, आणि ठणठणीत आवाजात वाचू लागले.