जांबोटीची काळी कॉफी आणि तीनची बस

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे निपाणीत आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. रविवार घरात काढायचा म्हटलं की जीव गुदमरतो. त्यामुळे आमच्या शाळेतली सविता मधल्या सुट्टीत म्हणाली, "माझ्या माहेरी जांबोटीला वहिनी कॉफी भाजते, एकदा जाऊन पी," तेव्हा मी डबा बंद करायच्या आधीच बसच्या वेळा विचारल्या.

फेब्रुवारीतला रविवार. सहाची बस पकडून आठच्या आत बेळगाव. बायकांनो, आधार कार्ड कर्नाटकातलं असेल तर साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. घरी विसरू नका. स्टँडसमोर इडली-वडा खाल्ला, तोही उभ्यानंच. जांबोटीला बस कमी, नऊची मिळाली. पिरनवाडी मागे पडली की झाडी दाट होते आणि रस्ता हाडं खिळखिळी करतो. उतरून पुढे पाऊण तास चाल, पाणी जवळ ठेवा. परतीची बस तीनला, ती चुकली तर थेट साडेसहाला, असं कंडक्टरनं बजावलं. तेव्हापासून माझा एक डोळा घड्याळावर.

सविताच्या भावानं, अण्णांनी, आधी चहा दिला. मी हसले तर म्हणाले, "आम्ही चा पिणारं. कॉफी आमच्यात कुणालाच कळत न्हाय."

घरामागच्या उतारावर फणसाच्या सावलीत वहिनींनी सहा वर्षांपूर्वी लावलेली कॉफी होती. अण्णांना ती काढून पावसाच्या आत सुपारी लावायची होती.

"ही म्हणती, ठेवूया. मी म्हणतो, ही नुसती करपवती. आता तुम्ही पिणारं माणूस आलाय. तुम्ही सांगा, ठेवू का तोडू."

"करपवत न्हाय," वहिनी चुलीपासून म्हणाल्या. लोखंडी कढईत त्या बिया सारख्या हलवत होत्या. "दुसऱ्यांदा तडतडली, तेल सुटलं, की उतरवायची. त्याच्या आधी कच्चीच लागती."

भाजलेली कॉफी निवायला वेळ लागणार होता. मी एका जागी बसेन तर शपथ. ओढ्यावर जाऊन आले, शेजारच्यांची गुरं बघून आले, शंभर फोटो काढले. परत आले तेव्हा सव्वादोन. वहिनींनी पेला पुढे केला, बिनदुधाची, काळीभोर, वाफाळती. अण्णा समोर येऊन बसले. मी पेल्याचा फोटो घेतला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मस्त आहे हं वहिनी, एकदम भारी."

वहिनींनी पेल्याकडे बघितलं. "आक्का, तोंडाला तर लावली न्हाय अजून."

अण्णा हसले. "बघ. पावणं चांगलंच म्हणणार की."

मी घाईनं घोट घेतला. जीभ पोळली, चव काही कळली नाही. काहीतरी बोलले, पण ऐकायला कोण होतं? वहिनी कढई घासायला घेऊन गेल्या. जाताना पावशेर पूड मात्र त्यांनी पिशवीत घातली. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी पाय बसकडेच पळत होते. बस मिळाली.

पुडी चार दिवस फडताळात होती. गुरुवारी सकाळी कॉफी केली आणि खुर्ची ओढून बसले. आधी कडू, मग धूर, आणि शेवटी गुळाच्या काहिलीच्या बुडाला लागलेल्या खरवडीचा गोडवा. मी पेला संपवला. जांबोटीकडच्या रेंजचं काही खरं नाही, तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला.

"वहिनी, कॉफी खरंच चांगली आहे."

"आत्ता प्याला व्हय?" मग म्हणाल्या, "वरचा निम्मा उतार काल तोडला त्यांनी."

"आणि खालचा?"

"उद्या माणसं येणार हाईत. थांबा, त्यास्नी फोन देते. त्यास्नी सांगा. सावकाश सांगा."

अण्णा फोनवर आले. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मी पुन्हा खुर्चीत बसले आणि पहिल्या घोटापासून सांगायला लागले.