गोधडीतली पंगत

एड्सने गेलेल्या आपापल्या माणसाचा एकेक कपडा आणायचा आणि सगळ्यांची मिळून एक गोधडी शिवायची, असं आमच्या गटानं ठरवलं. शिवायला नेरच्या काकू बसल्या आणि समाजमंदिराचं लग्नघर झालं.

कोणता तुकडा कुठं, हे त्या रंगावरून ठरवत नसत, माणसावरून ठरवत.

"या दोघाइचं वावराच्या धुऱ्यावरून भांडण होतं. मधात मास्तरीणबाईची साडी टाक, चूप राहतीन."

स्वतःच्या नवऱ्याचं धोतर त्यांनी थेट काठाला लावलं. "बुढा रात्री घडीघडी उठते. मधात असला तं साऱ्याइची झोप मोडन."

मी भावाचा टी-शर्ट नेला. कपाशीच्या बियाण्यासोबत फुकट मिळालेला, छातीवर 'भरघोस उत्पन्न' असं ठळक छापलेला. अक्षरं आत दुमडा, म्हटलं.

"काहून? चांगलं तं लिवलं आहे. बुढ्याच्या धोतरावर तं नुसते डाग."

मग त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "पंगतीत कोणाजवळ बसे हा?"

आजार कळल्यावर त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. तो ओट्यावर एकटाच जेवायचा. मी तसं सांगितलं.

काकूंनी सुई केसात खोचली. जवळजवळ शिवून झालेली गोधडी मधोमध उसवली आणि भावाला तिथं बसवलं. चारही बाजूंनी माणसंच माणसं. शेवटचा टाका घालून त्यांनी 'भरघोस उत्पन्न'वर एक थाप मारली आणि त्यालाच दरडावलं,

"आता म्हण सरका म्हणून. कोणी सरकत नाही!"