आवाज गेल्यावरची प्रार्थना

बस स्थानकावर सत्तावीस वर्षं तो गाड्यांच्या घोषणा करत होता. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणाची पिशवी बाकावर राहिली, सगळं त्याच्या तोंडून. लोक त्याला निवेदकच म्हणत. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनही त्याच्याकडेच असे. तेव्हा मागच्या बाकांवरच्या मंडळींना आपली गाडी सुटते की काय अशी धास्ती वाटे.

आवाज बसला तेव्हा त्याने चार महिने मिठाच्या गुळण्या केल्या. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. गाठ निघाली. कर्करोग. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं."

"मग मी बोलू कसा?"

"आधी जगा, मग बघू," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वास तिथून. आवाज गेला तो गेलाच. भेटायला आलेले पाळक म्हणाले, "यात देवाची काहीतरी योजना असेल." निवेदकाने उशाजवळची पाटी घेतली आणि लिहिलं, 'असेल. आधी मला विचारायला हवं होतं.' पाळकांनी ते दोनदा वाचलं आणि प्रार्थना आटोपती घेतली.

कामावर त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण ते लावून फोनवर बोललं की लोक घाबरून फोन ठेवून देत. चर्चला जाणं त्याने बंद केलं. ओरडता येत नव्हतं, म्हणून दारं आपटू लागला.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिने पाच आठवडे काही म्हटलं नाही. सहाव्या आठवड्यात दाराची खिट्टीच निखळली, तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"अहो, राग कोणावर आहे?"

त्याने वर बोट केलं.

"मग त्याला सांगा. दाराने काय घोडं मारलंय?"

तो पाटी घेऊन बसला आणि देवाला लिहू लागला. सत्तावीस वर्षं घसा फोडला, तुझंही वाचलं, आणि तू नेमका घसाच नेलास? हात नेला असतास तर चाललं असतं. पुसून परत लिहिलं. पाटी चारदा भरली. मध्येच बायको चहा ठेवायला आली, तिने वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि गेली.

चमत्कार वगैरे झाला नाही. भांडून झाल्यावर त्याला थकवा आला आणि भूक लागली. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. इतकं भांडायचं तर समोर कोणीतरी लागतं, आणि आपण भांडत असताना ते कोणीतरी उठून गेलं नव्हतं. तो बराच वेळ रडला. रडण्यालाही आवाज नव्हता. पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये दिसला, मागच्या बाकावर.

पुढे डॉक्टरांनीच त्याला बोलावणं धाडलं. हेच ऑपरेशन ठरलेला एक रंगारी वॉर्डातून दोनदा पळाला होता. निवेदक त्याच्या खाटेजवळ बसला आणि पाव चहात बुडवून सावकाश खाल्ला.

"गिळता येतं?" रंगाऱ्याने विचारलं.

त्याने दुसरा पाव घेतला.

मग रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते.

"काय मागितलंत?"

निवेदकाने लिहिलं, 'तू घाबरलायस एवढं सांगितलं.'

"बस?"

'मीही घाबरलो होतो, तेही.'

रंगारी ऑपरेशनला गेला. तेव्हापासून दर गुरुवारी निवेदक वॉर्डात जातो आणि पेशंटसमोर खातो. त्याचं वजन सहा किलोंनी वाढलंय. आतापर्यंत अकरा जण झाले. त्यांतले दोघे वाचले नाहीत. त्या दोघांच्या घरी तो नुसता जाऊन बसला. बोलून समजूत घालायला आलेल्यांपेक्षा हा बरा, असं एकीच्या सासूने सांगितलं.

बायको गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे, भोक झाकायला गळ्याला बांधायचे रुमाल पेशंटना शिवून देते. त्यामुळे गावात त्याच्यासकट दहा मोठी माणसं गळ्याला एकाच शाळेची निळी चौकडी बांधून फिरतात. शाळेने अजून हरकत घेतलेली नाही.